एक वार, दोन वार...

साल १९८९, महिना मार्च. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या शाखेत तारण दागिन्यांचा लिलाव होता आणि बोली पुकारायचे काम माझ्याकडे आले होते. समोरच्या बाकावर गावातले चार सराफ बसलेले. टेबलावर एक बोरमाळ. चार तोळ्यांची, जुन्या घडणीची. ज्या बाईने ती ठेवली होती तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता, कर्ज थकले होते, नोटिसा जाऊन आल्या होत्या. व्याजासह येणे होते आठ हजार दोनशे.

नियम असा की लिलावात जी रक्कम येईल तिच्यातून बँकेने आपले मुद्दल, व्याज आणि खर्च वळते करून घ्यायचे आणि उरलेले पैसे कर्जदाराला द्यायचे. म्हणजे बोली चढली तर फायदा बँकेचा नव्हे, ज्याचा दागिना त्याचा. पहिल्या सराफाने आठ हजार म्हटले. दुसऱ्याने आठ हजार शंभर. मग बोली पन्नासांनी, वीसांनी सरकू लागली आणि आठ हजार चारशे पन्नासला येऊन थांबली. त्या दिवशीच्या भावाने माळेचे नुसते सोनेच बारा हजारांच्या पुढे जात होते. मी चौघांकडे पाहिले. चौघांनी छताच्या पंख्याकडे पाहिले. ‘एक वार, दोन वार, तीन वार’ म्हणून मी टेबलावर रूळ आपटला.

अर्ध्या तासाने खिडकीतून समोरची चहाची टपरी दिसली. तिथे तेच चौघे त्याच माळेचा दुसरा लिलाव करत होते! तो अकरा हजार सहाशेला सुटल्याचे आमच्या शिपायाने मला सांगितले. वरचे पैसे चौघांनी वाटून घेतले. बोली कमी आली म्हणून लिलाव तहकूब करण्याचा अधिकार आम्हाला होता. पण एकतीस मार्च तोंडावर होता, थकीत खाते बंद व्हायला हवे होते, आणि मी गप्प बसलो. दोन दिवसांनी ती बाई आली. रेव्हेन्यू स्टॅम्पवर अंगठा उठवून तिने उरलेले अडीचशे रुपये उचलले. ‘सायेब, येवढंच?’ एवढेच तिने विचारले.

लिलाव म्हणजे योग्य किंमत, असे अर्थशास्त्राच्या पुस्तकात आम्ही शिकलो होतो. त्यात एक अट असते, ती त्या दिवशी मला कळली. बाकावर बसलेल्यांनी आधी एकत्र चहा प्यायलेला नसावा.

या लिलावाची आठवण मला पुन्हा झाली ती तेवीस वर्षांनी, गिरगावात, मामीच्या खोलीत. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहायचा होता आणि तोवर मामीने उपनगरात भाड्याच्या खोलीत राहायचे होते. मामा २०१० मध्ये गेला. मागे राहिले ते त्याच्या पेन्शनीवरचे मामीचे अर्धे निवृत्तिवेतन, हँडल मारायचा एक ग्रामोफोन, आणि पलंगाखालच्या दोन ट्रंकांत एकशे ऐंशी तबकड्या. जुन्या, लाखेच्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या. मामा रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. पगाराच्या दिवशी एक तबकडी, हे त्याचे एकमेव व्यसन.

चोरबाजारातला एक व्यापारी येऊन ट्रंका पाहून गेला. ग्रामोफोनसकट सगळ्याचे पाच हजार म्हणाला. माझी मामेबहीण चिडली. मला मात्र तो माणूस लबाड वाटला नाही. त्याचा हिशेब सरळ होता. शंभरातल्या दहा तबकड्यांना गिऱ्हाईक लवकर मिळणार, तीस वर्षभरात जाणार, बाकीच्या मटन स्ट्रीटवरच्या त्याच्या गाळ्यात धूळ खात पडणार. गाळ्याला भाडे आहे. शिवाय हवे ते गिऱ्हाईक हव्या त्या दिवशी त्याच गल्लीतून जायला हवे. जुन्या बाजारातला व्यापारी वस्तूची किंमत देत नाही, तो वाट पाहण्याची किंमत वजा करून देतो.

‘मामा, आपण ऑनलाइन लिलावात टाकू या,’ असे म्हणाला तो मामेबहिणीचा मुलगा निखिल. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मामीने एकच अट घातली, की यंत्र द्यायचे नाही. ते कोपऱ्यातल्या स्टुलावर होते आणि त्यावर मामाचा फोटो होता. ‘आणि तबकड्या?’ मी विचारले. ‘काय करायच्यात? सुया तरी मिळतात का आता?’ मामी म्हणाली.

हा ऑनलाइन लिलाव म्हणजे काय प्रकार, ते मी आधी बँकवाल्याच्या चिकटपणाने समजून घेतले. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पिअर ओमिड्यार नावाच्या तरुण संगणक अभियंत्याने सुटीच्या दिवसांत बसून इंटरनेटवर एक लिलावघर मांडले. त्यावर प्रथम विकली गेलेली वस्तू म्हणजे त्याचाच एक बिघडलेला लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. ‘तो मोडका आहे, हे माहीत आहे ना?’ असे त्याने घेणाऱ्याला विचारले, तेव्हा आपण मोडके पॉइंटरच जमवतो असे उत्तर आले म्हणतात. हेच लिलावघर पुढे ईबे झाले. आपल्याकडे २००० मध्ये मुंबईत ‘बाझी डॉट कॉम’ हे असेच लिलावघर सुरू झाले, ते २००४ मध्ये ईबेने विकत घेतले. मामीच्या तबकड्या आम्ही मांडल्या त्या या ईबे इंडियावर.

माझ्यातल्या बँकवाल्याला सगळ्यात आवडली ती बोली लावायची पद्धत. घेणाऱ्याने आपली कमाल रक्कम यंत्राला गुपचूप सांगून ठेवायची. समजा मी हजार सांगितले. दुसऱ्या कुणाची बोली चारशेची असेल तर यंत्र माझ्या वतीने चारशेच्या जरा वर जाऊन थांबते, हजारावर उडी मारत नाही. म्हणजे जिंकणारा देतो ती रक्कम ठरते हरणाऱ्याच्या मनातल्या किमतीवरून. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये या तऱ्हेच्या लिलावाचे गणित मांडले होते. १९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झाले आणि अवघ्या तीन दिवसांनी ते वारले. गंमत अशी की अमेरिकेतले टपाल तिकिटांचे व्यापारी ही रीत १८९३ पासूनच पाळत होते, कुठलेही गणित न मांडता.

यातून विकणाऱ्याने घ्यायचा धडा असा : तुमच्या वस्तूवर जीव असलेला एक माणूस पुरत नाही, दोन लागतात. आणि ते दोघे एकाच गावातल्या एकाच बाकावर बसणारे नसले तर उत्तम. त्या तालुक्याच्या गावी चारच सराफ होते. इथे धारवाडचा डॉक्टर, नागपूरचा निवृत्त मास्तर आणि लंडनमधला कुणी शौकीन एकमेकांचे नावही न जाणता बोली लावत होते. त्यांना एकत्र चहा प्यायला टपरीच नव्हती.

दर रविवारी मी आणि निखिल गिरगावात बसू लागलो. पहिल्या आठवड्यात सगळे चुकले. आम्ही मथळा दिला होता, ‘आजोबांच्या संग्रहातील दुर्मीळ मराठी रेकॉर्ड’. शोधणारा माणूस ‘दुर्मीळ’ असा शब्द घालून कशाला शोधेल? तो गायकाचे नाव घालतो, कंपनीचे नाव घालतो, तबकडीवरच्या लेबलावरचा क्रमांक घालतो. तेव्हा आम्ही मथळ्यातून आजोबांना बाहेर काढले आणि क्रमांक आत घेतला. रोमन लिपीत गायकांच्या नावांची स्पेलिंगे लोक तीन तऱ्हेने करतात, म्हणून मजकुरात तिन्ही घातली. लेबलाचा फोटो सरळ, तबकडीचा फोटो खिडकीच्या तिरक्या उजेडात, म्हणजे चरे दिसतील असा.

दुसरी चूक किमतीची. बालगंधर्वांच्या तबकड्यांवर मी दीड हजारापासून बोली ठेवली. माझ्या मनात बालगंधर्व होते! आठवडाभर एक बोली नाही. नंतर नागपूरच्या त्या मास्तरांनी निरोप पाठवून समजावले, की नारायणरावांच्या तबकड्या त्या काळी इतक्या खपल्या की आजही घराघरातून निघतात. बाजारात मोठेपणाला भाव नसतो, दुर्मिळतेला असतो. ज्या गायिकेचे नाव मला ठाऊक नव्हते तिची ‘यंग इंडिया’ कंपनीची तबकडी अठराशेला गेली आणि बालगंधर्व शेवटी दोनशे दहाला. मामा असता तर त्याने मला घराबाहेर काढले असते.

मग निखिलने आग्रह धरला की सगळ्यांची सुरुवात नव्व्याण्णव रुपयांपासून करायची. याला छाती लागते. पण बोली खाली सुरू झाली की चार माणसे ‘बघू या’ म्हणून येतात, आणि एकदा बोली लावली की ती वस्तू मनाने त्यांची झालेली असते. मग ती दुसऱ्याला जाऊ देणे जड जाते. अर्थात हे जिथे गिऱ्हाईक पुष्कळ तिथेच. ज्याला एखादेच गिऱ्हाईक असण्याचा संभव, त्याला कमीत कमी किंमत ठरवून घ्यावी हे बरे.

लिलाव संपायची वेळ आम्ही रविवारी रात्री सव्वादहाची ठेवत असू. जेवणे आटोपून माणूस निवांत संगणकापुढे बसतो ती वेळ. सहा दिवस बोली पेंगत असे आणि शेवटच्या मिनिटाला खडबडून उठे. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या दोघांनी याचा अभ्यास केला आहे. ईबेवर घड्याळाच्या काट्याला लिलाव बंद होई. अ‍ॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात शेवटी बोली आली की वेळ वाढे. शेवटच्या क्षणाची झुंबड ईबेवर कितीतरी अधिक होती. आपल्या मनातली किंमत आधी कळू द्यायची नाही, हा धूर्तपणा मटन स्ट्रीटवरही आहे आणि इंटरनेटवरही.

आता त्या दोन तबकड्यांकडे येतो. ट्रंकेच्या तळाशी ‘पार्लोफोन’ कंपनीच्या दोन इंग्रजी तबकड्या निघाल्या. गाणारे, बीटल्स. मामाच्या कचेरीतला गोव्याकडचा एक सहकारी १९६९ साली ऑस्ट्रेलियाला गेला, जाताना त्याने दिल्या होत्या. ‘मांजरांची भांडणं’ असे म्हणून मामाने त्या तळाशी टाकल्या. निखिलने शोध घेतला आणि त्याचा चेहरा बदलला. इंग्लंडमध्ये लाखेच्या तबकड्या १९६०च्या सुमाराला बंद झाल्या. आपल्याकडे मात्र गावोगावी वीज नव्हती, हँडलचे ग्रामोफोन चालू होते, म्हणून कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात त्या पुढेही निघत राहिल्या. त्यामुळे बीटल्सची गाणी अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवर आली ती भारतात, आणि जगभरचे शौकीन आज त्या शोधत असतात.

दोनपैकी एक स्वच्छ होती. दुसरीच्या कडेपासून आत इंचभर केसासारखी चीर होती. फोटोत ती दिसत नव्हती. वाजवली तर सुरुवातीला दर फेऱ्याला बारीक ‘टक’ होई, एवढेच.

‘मामा, ती चीर कशाला लिहायची? वाजते तर आहे ना!’ निखिल म्हणाला.

मी लगेच काही बोललो नाही. मामीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, नव्या खोलीची अनामत भरायची होती, आणि घेणारा सात समुद्रांपलीकडे. सांगणार कोण? पण मला का कोण जाणे, रेव्हेन्यू स्टॅम्पवरचा तो अंगठा आठवला. तेव्हाही मला काही करायचे नव्हते, फक्त गप्प बसायचे होते.

‘लिही,’ मी म्हणालो. ‘किती लांब, कुठून कुठे, कसा आवाज येतो, सगळं लिही. आणि बॅटरीच्या उजेडात चिरेचा वेगळा फोटो काढ.’

निखिल धुसफुसला, पण त्याने लिहिले. ती चिरेची तबकडी आम्ही आधी मांडली. लंडनच्या त्या शौकिनाने दोन प्रश्न विचारले, आम्ही उत्तरे दिली, आणि ती त्याने २३१ डॉलरला घेतली. पोचल्यावर त्याने शेरा लिहिला, की जशी सांगितली तशीच निघाली. पुढच्या महिन्यात स्वच्छ तबकडी मांडली. तिच्यावर तो आणि आणखी एक जण शेवटच्या मिनिटाला भिडले आणि ती ६४० डॉलरला गेली. पहिलीच्या शेऱ्याचा दुसरीला उपयोग झाला हे मी सिद्ध करू शकत नाही. पण अमेरिकेत पॉल रेस्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, तो असा : जुन्या पोस्टकार्डांच्या एका मुरलेल्या व्यापाऱ्याने सारखाच माल काही वेळा आपल्या नावाने आणि काही वेळा नव्या, अनोळखी नावांनी विकला. जुन्या नावाला सुमारे आठ टक्के जास्त किंमत मिळाली. पत म्हणतात ती हीच. आम्ही बँकेत तिच्यावर कर्ज देत असू, इथे तिच्यावर बोली चढत होती.

पाठवणी हा स्वतंत्र अध्याय आहे. लाखेची तबकडी काचेसारखी फुटते. तबकडीहून मोठे दोन पुठ्ठे घेऊन त्यांच्यात ती घट्ट बांधायची, मग एक खोके, त्या खोक्याभोवती वर्तमानपत्राचे बोळे आणि बाहेर दुसरे खोके. एवढे करूनही धारवाडला गेलेली एक तीन तुकडे होऊन पोचली. डॉक्टरांनी फोटो पाठवला. घेणाऱ्यानेच फोडली असेल, असा संशय मनात आला, नाही असे नाही. पैसे परत केले. त्यानंतर त्यांनी आमच्याकडून अकरा तबकड्या घेतल्या. आणि एक इशारा : शंभर वर्षे झालेली कलेच्या किंवा इतिहासाच्या मोलाची वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. तशी वस्तू कुणा व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. मामाकडे गोहरजानची एक फार जुनी तबकडी होती. परदेशातून विचारणा आली, पण आम्ही ती देशातच दिली.

आठ महिन्यांनी हिशेब केला. सहासष्ट तबकड्या विकल्या गेल्या. आले पंच्याऐंशी हजार चारशे. कमिशन, टपाल, खोकी आणि धारवाडचा परतावा मिळून चौदा हजार गेले. चौदा तबकड्या तडकलेल्या निघाल्या. उरलेल्या शंभर, चोरबाजारातल्या त्याच व्यापाऱ्याने वीस रुपयांप्रमाणे दोन हजारांना उचलल्या. म्हणजे मामीच्या हाती त्र्याहत्तर हजार चारशे. माझे आणि निखिलचे आठ महिन्यांचे रविवार यात धरलेले नाहीत. ते धरले तर चोरबाजाराचे पाच हजार फार कमी होते असे म्हणता येणार नाही. ‘घरबसल्या हजारो रुपये’ असे सांगणाऱ्यांनी हा एक आकडा गाळलेला असतो.

ते लिलावघर आता आपल्याकडे नाही. २०१७ मध्ये ईबेचा इथला व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ती दुकानदारी बंद झाली. इथून परदेशी गिऱ्हाईकांना विकण्याची वाट तेवढी उरली. ओएलएक्ससारख्या ठिकाणी जुन्या वस्तू विकल्या जातात, पण तिथे घासाघीस असते, लिलाव नव्हे. जाता जाता माजी बँक अधिकाऱ्याचे दोन शब्द ऐकून ठेवा. ‘हा कोड स्कॅन करा, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील,’ असे म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे, चोर आहे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच घालावा लागत नाही. आणि जुनी नाणी-नोटा विकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी शुल्क मागितले तर फोन ठेवून द्या. खुद्द रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये तशी सूचना काढली होती.

एकदा त्या लिलावात माझी पहिली कादंबरीही दिसली होती, एका समीक्षकाला ‘सप्रेम भेट’ असे मीच लिहून दिलेली. बोली पन्नासपासून. बोली लावणारे शून्य. आपल्याच मालावर आपणच बोली लावून भाव चढवायला तिथे सक्त मनाई होती. लेखकाने लावली तर चालेल का, हे नियमांत सापडेना.

मामीचे एकेका डोळ्याचे ऑपरेशन झाले. उपनगरातल्या खोलीत ती रुळली. एके दिवशी गेलो तर म्हणाली, ‘अरे, ती हिराबाईंची राहिली असेल ना? भजनाची?’ हिराबाई बडोदेकरांची ती तबकडी मामाने लग्नानंतरच्या पहिल्या पगारात आणली होती. हे तिने साठ वर्षांत प्रथमच सांगितले. ती शेवटच्या शंभरांत गेली होती. मी चोरबाजारात जाऊन आलो. व्यापाऱ्याने हात वर केले.

महिनाभराने तीच तबकडी लिलावात दिसली. विकणारा कोल्हापूरचा, सुरुवात नव्व्याण्णवपासून. मी सहाशे सांगून ठेवले. रविवारी रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी मला ओलांडले. घेणाऱ्यांची नावे तिथे दिसत नसत, एखाददुसरे अक्षर आणि मध्ये तारे. मी आठशे केले. त्याने पुन्हा ओलांडले. मी हजार केले, त्यानेही केले. हाताला घाम सुटला. इतकी वर्षे दुसऱ्यांना हिशेब शिकवलेला मी, शेवटच्या सेकंदांना दीड हजार टाकून मोकळा झालो. तबकडी मला मिळाली. अकराशे पन्नास.

सोमवारी सकाळी निखिलचा फोन. ‘मामा, आजीसाठी एक गंमत ठरवली होती, पण काल रात्री कुणीतरी हलकट शेवटपर्यंत नडला...’

त्या चार सराफांना हे कळते तर ते पोट धरून हसले असते.

रविवारी आम्ही दोघे तबकडी घेऊन मामीकडे गेलो आणि घडले ते सगळे सांगून टाकले. कोल्हापूरच्या माणसाने कागदाच्या पुडीत चार सुयाही घातल्या होत्या. निखिलने मामाचा फोटो उचलून खिडकीत ठेवला आणि हँडल मारायला घेतले.

‘अकराशे पन्नास!’ मामी म्हणाली. ‘आणि आपली कितीला दिली होती?’

‘वीस रुपयांना.’

मामीने तबकडी नव्या डोळ्यांजवळ धरून लेबल दोन्हीकडून वाचले आणि निखिलच्या हातात दिली.

‘उलटी बाजू लाव आधी,’ ती म्हणाली.